माटोळीच्या यादीचं पान: बटनं आता लक्षात ठेवतायत

यादीचं वेब पान मागच्याच आठवड्यात करून झालेलं. नारळांचा घोस, केळ्यांचा घड, तोरिंग, चिबूड, कांगलां, आटकां असं चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या छताचं, 27 प्रकारचं सामान आणि प्रत्येकासमोर 'आणलं' बटन. दाबलं की बटन.डिसेबल्ड = ट्रू, म्हणजे बटन बंद, करडं झालं, विषय संपला असं वाटलेलं. फोंड्याच्या बाजारात पाच-सहा दाबली, फोन खिशात टाकला, परत काढला तर पान नव्याने लोड झालेलं आणि सगळी बटनं कोरी, मग आटकां घेतली की नाही आठवेना म्हणून परत घेतली. आई दोन्ही पिशव्या बघून 'कितें रे हें' एवढंच म्हणाली.

मग लोकलस्टोरेज, म्हणजे पान बंद केलं तरी टिकणारी ब्राउझरमधली साठवण. सेशनस्टोरेज टॅब बंद केला की जातं, बाजारात काय कामाचं. चुकून दाबलं तर परत दाबून सुटेल अशी आशा होती, पण डिसेबल्ड बटनाला क्लिकच लागत नाही, म्हणून बाजूला छोटं 'उलट' बटन दिलं जे फॉल्स, म्हणजे 'आणलं नाही', सेव्ह करतं. आणि इथे दीड तास गेला राव! उलट केलेली सगळी रिफ्रेशनंतर परत बंद. लोकलस्टोरेजमध्ये जे जातं ते स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, होऊन जातं, फॉल्स परत आला तो पाच अक्षरी शब्द म्हणून, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग जावास्क्रिप्टला खरीच वाटते.

आता प्रत्येक वस्तूची वेगळी अशा 27 की (साठवणीतल्या नोंदींची नावं) काढून टाकल्या, 'माटोळी' नावाची एकच, सगळ्या खुणांची जेसन.स्ट्रिंगिफायने एक स्ट्रिंग करून आत, जेसन.पार्सने परत उलगडून बाहेर. पहिल्यांदा नल, म्हणजे 'काहीच नाही', येतो, तेव्हा रिकामा ऑब्जेक्ट धरायचा. एकच फंक्शन त्यावरून सगळी बटनं रंगवतं, बटनाला 'तू बंद आहेस का' म्हणून विचारायचं नाही.

लॅपटॉपवर फायरफॉक्सने वेगळाच ताप दिला, 'माटोळी' ही की डिलीट करून रिफ्रेश केलं तरी काही बटनं करडीच. तो स्वतःच डिसेबल्ड स्थिती लक्षात ठेवतो आणि मी फक्त ट्रू असेल तेव्हाच हात लावत होतो. बटनाला ऑटोकम्प्लीट ऑफ दिलं, म्हणजे जुनी स्थिती परत आणू नको, शिवाय फॉल्सही स्पष्ट सेट करायला लागलो, आता गप्प आहे.

राहिलं काय तर माझ्या फोनवरची खूण आईच्या फोनवर दिसत नाही, लोकलस्टोरेज त्या-त्या ब्राउझरपुरतंच. त्याला सर्व्हर लागेल आणि चवथीपर्यंत काय तो होत नाही, तोवर रानातली फळं माझ्याकडे, कुळागरातलं (नारळ-पोफळीच्या बागेतलं) सगळं आईकडे.