ठरलेला विसावा

यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन दोन वर्षे झाली होती आणि त्या दोन वर्षांत मी एकही रात्र सलग झोपले नव्हते. त्यांच्या औषधांच्या वेळा, रात्री कूस बदलून देणे, हातापायांचे व्यायाम हे सगळे मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवले होते. माझ्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र त्याच कपाटात मुदत उलटून पडल्या होत्या. ती पट्टी धाकट्या जावेच्या हाताला लागली. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "ताई, यंदा सासूबाईंच्या दिंडीत तुम्ही जा. दादांचं आम्ही दोघं बघतो."

मी भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरली खरी, पण ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान झाले, तेव्हा माझ्या मनात भक्तीपेक्षा अपराधाची भावना अधिक होती. आजारी माणसाला घरी ठेवून आपण निघालो आहोत, तेव्हा निदान कष्ट तरी पूर्ण करावेत, असे मी स्वतःशी ठरवून टाकले होते. त्यामुळे पुण्याच्या मुक्कामातच उजव्या टाचेला फोड आला, तरी मी तो कोणाला दाखवला नाही.

पुणे ते सासवड हा वारीतला सर्वांत लांबचा टप्पा आहे. हडपसर मागे पडले, वडकी नाला आला, आणि मग दिवे घाट सुरू झाला. वर पाहावे तर वळणावळणाने चढत गेलेल्या पताका, खाली पाहावे तर तशीच न संपणारी रांग, आणि या सगळ्यावर टाळ-मृदंगाचा एकच ठेका. त्या ठेक्यावर पाऊल आपोआप पडते हे खरे आहे. पण ओल्या मोज्यात टाच सोलली जात असेल, तर तेही तितकेच खरे असते. सासवडच्या तळावर मी मोजा काढला, तेव्हा तो कातडीला चिकटून आला.

आमच्या राहुटीत सत्तरी ओलांडलेल्या एक आक्का होत्या. त्यांची ती कितवी वारी, हे त्या कधी सांगत नसत. त्यांनी कंदिलाच्या उजेडात माझी टाच धरून पाहिली आणि विचारले, "कधीपास्नं हाय ह्ये?" मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आन लपवून ठिवलंस? उद्या तू पडलीस तर चौघी तुला उचलायला लागतील. त्यांनी वारी कवा करायची?"

त्या प्रश्नाने मी अंतर्बाह्य हलले, कारण तो टाचेपुरता नव्हता. घरी मी अंथरुणाला खिळले असते, तर यजमानांना कोणी कुशीवर वळवले असते?

तळाजवळच्या वैद्यकीय मदत केंद्रातल्या डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली, रक्तदाब तपासला आणि नव्या गोळ्या दिल्या. सासवडला पालखीचा दोन दिवस मुक्काम असतो, त्यामुळे सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन एक दिवस पायाला आराम मिळाला. तरीही जेजुरीचा टप्पा दिंडीच्या ट्रकने करावा, असे आक्कांनी बजावले. मला रडू आले. चालण्यासाठी आलेली मी, सामानाच्या ट्रकमध्ये बसून जाणार होते.

ट्रक दिंडीच्या बराच आधी जेजुरीला पोहोचला. भिशीवाल्या बायांबरोबर मी लसूण सोलला, आमटीला फोडणी पडल्यावर राहुटीत येऊन आडवी झाले, आणि कितीतरी दिवसांनी भर दुपारी गाढ झोपले. संध्याकाळी पालखी आली, पिवळ्याधमक भंडाऱ्याची उधळण सुरू झाली, तेव्हा माझे डोळे स्वच्छ उघडे होते. दमून चालत आले असते, तर तो सोहळा मी पाहिला असता, पण तो मनात उतरला नसता, असे मला आजही वाटते.

वाल्हे, मग नीरेच्या पात्रातले पादुकांचे स्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, फलटण, बरड. हे दिवस भराभर गेले. पहाटे टँकरच्या गार पाण्याने अंघोळ, गोळी, पायाच्या बोटांमधली ओल कोरड्या फडक्याने टिपून खोबरेल तेल, मगच मोजा: हा क्रम मी एक दिवसही चुकवला नाही. चालता चालता वारीची एक गोष्ट मला उमगत गेली. विसाव्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. कोणी दमले म्हणून पालखी थांबत नाही आणि आज उत्साह आहे म्हणून विसावा टाळतही नाही. सुमारे 250 किलोमीटरची ही वाट म्हाताऱ्या माणसांच्या पायांनी पार पडते, त्यामागे श्रद्धा तर आहेच, पण वर्षानुवर्षे पाळलेला हा विसाव्याचा नेमही आहे. मी घरी दोन वर्षे अगदी उलटे वागत होते. कोसळल्यावरच थांबायचे, आणि थांबल्याबद्दल स्वतःला दोष द्यायचा.

वेळापूरच्या अलीकडे धावा झाला. सगळे पंढरीच्या दिशेने उतारावरून धावू लागले, तेव्हा आक्कांनी माझ्या टाचेकडे एकदा पाहिले, आणि मग माझा हात धरून त्याही धावल्या.

दशमीला पंढरपुरात पोहोचलो. दर्शनाच्या रांगेत उभे राहण्याचा हट्ट मी धरला नाही. चंद्रभागेत स्नान केले, नामदेव पायरीला माथा टेकवला आणि कळसाला हात जोडले.

घरी आल्यावर कपाटाच्या दारावरच्या त्या कागदावर मी एक ओळ वाढवली: दुपारी साडेतीन ते साडेचार, विसावा. त्या तासाला जाऊ यजमानांजवळ बसते आणि मी आतल्या खोलीत पाय पसरून पडते. पहिले काही दिवस त्यांची नुसती हालचाल ऐकू आली, तरी मी उठून बसत असे. महिन्याभराने एका दुपारी शेजारच्या काकू मला विचारत आल्या. झटक्यापासून यजमानांचे बोलणे जड झाले आहे, एकेक शब्द ते ओढून आणतात. दाराआडून मला ते ऐकू आले. जाऊ काही सांगणार, त्याआधी तेच म्हणाले, "थांबा. तिचा... विसावा आहे."