माईनमुळा, वर्ष दुसरं: अखेर लोणच्यापुरती मुळं निघाली

गेल्या पावसाळ्यात माझी माईनमुळ्याची दोन्ही झाडं कुजली. चूक माझीच. कोकोपीट, गांडूळखत, रोज पाणी. पुदिन्याचे करावेत तसे लाड केले. माईनमुळा पुदिन्याच्याच कुळातला, चौकोनी देठाचा, पण तो मूळचा कोरड्या डोंगरउतारांवरचा. बुडाशी पाणी साचलं की संपला.

यंदा जूनअखेर मैत्रिणीकडून सहा शेंडे आणले, तीन-चार पेरांचे. (डोंगरावरचा उपटू नका, औषधासाठी तो आधीच पुष्कळ खणून नेलाय.) नुसत्या वाळूत, सावलीत लावले. पाच जगले. महिन्याने कुंड्यांत हलवले: निम्मी लाल माती, निम्मी वाळू आणि विटांचा चुरा, वर मूठभर निंबोळी पेंड, कारण सूत्रकृमी (मातीतले अगदी बारीक किडे) या मुळांवर टपलेलेच असतात.

गणपतीत झाडं वीत-दीड वीत झाली. पानं जाड, लवदार. चुरगळली की ओव्याच्या पानाची आठवण येते. भावंडंच ती. मध्यंतरी शास्त्रीय नावात दोघांनाही प्लेक्ट्रॅन्थस म्हणायचे, २०१९मध्ये परत कोलियस केलं. माझ्या कुंडीवरची पाटी जुनीच आहे.

दसऱ्याला जांभळट निळे तुरे आले आणि पंचाईत झाली. मुळं पोसायची तर तुरे खुडायला हवेत. पण फुलाची खालची पाकळी अगदी होडीसारखी. मधमाशी बसली की ती दबते, आत लपलेले पुंकेसर वर येतात आणि माशीच्या पोटाला पराग फासला जातो. हे बघत अर्धी सकाळ गेली. शेवटी तीन कुंड्यांचे तुरे खुडले, दोन सोडल्या.

संक्रांतीनंतर कुंड्या उपड्या केल्या. खुडलेल्यांची मुळं १४०, १२० आणि १६५ ग्रॅम, न खुडलेल्यांची ९० आणि १३०. पाच कुंड्यांवरून काय ठरवणार, पण पुढच्या वर्षीही दोन कुंड्या माशांच्या.

मुळं बोटाएवढी, आतून केशरी, वास उग्र. सालं काढून चकत्या केल्या. लिंबाचा रस, मीठ, फेसलेली मोहरी. यातल्या फोर्सकोलिन नावाच्या द्रव्याने रक्तदाब उतरतो, आणि बाबांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून त्यांची बरणी बंद. ते रोज रात्री ती हलवून बघतात.

नवे शेंडे वाळूत लावलेत, आठ.