गाडी सीमेपलीकडे नेताना : शुल्काआधी दारावरची पट्टी वाचा

स्वतःच्या वापरातली मोटार एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची म्हटली की बहुतेकांचा पहिला प्रश्न आयात शुल्काचा असतो. ओळखीच्या लोकांचे या कामातले कागद वाचून देण्याची वेळ माझ्यावर वरचेवर येते आणि दर वेळी मी हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवायला सांगतो. शुल्क परवडते की नाही, हे आकडेमोड करून ठरवता येते. मात्र गाडी नव्या देशाच्या सुरक्षा आणि प्रदूषणविषयक मानकांत बसत नसेल, तर कितीही शुल्क भरायची तयारी असली तरी तिची नोंदणी अडते; आणि ती त्या मानकांत बसते की नाही, हे बहुतांशी ती कारखान्यात तयार झाली तेव्हाच ठरलेले असते.

म्हणून आधी चालकाच्या बाजूचे दार उघडावे. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या गाडीत दाराच्या चौकटीवर किंवा दाराच्या कडेला एक लहानशी पट्टी असते. निर्मात्याचे नाव, निर्मितीचा महिना आणि वर्ष, गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक आणि ही गाडी लागू असलेल्या सर्व संघीय सुरक्षा मानकांनुसार बनवली आहे असे निर्मात्याचे विधान, एवढा मजकूर तिच्यावर असतो. प्रदूषणाची वेगळी पट्टी बॉनेटखाली सापडते. युरोपातली पद्धत निराळी आहे. १९५८ च्या जिनिव्हा करारातील देश एकमेकांनी दिलेली मान्यता ग्राह्य धरतात, आणि त्या मान्यतेची खूण म्हणून दिव्याच्या काचेवर वर्तुळात ‘ई’ हे रोमन अक्षर व मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक कोरलेला असतो : १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ४ म्हणजे नेदरलँड्स. अमेरिका या करारात नाही. तिथे निर्माता स्वतःच आपल्या गाडीची हमी देतो. त्यामुळे एकाच नावाचे, वरकरणी सारखे दिसणारे मॉडेल दोन बाजारांत दोन वेगळ्या गाड्या ठरते. मागचा इंडिकेटर अमेरिकेत लाल चालतो, युरोपात तो पिवळसर नारिंगीच लागतो. दिवे बदलता येतात. इंजिनातून निघणाऱ्या धुराचे किंवा अपघातात टिकाव धरणाऱ्या सांगाड्याचे तसे नसते, आणि एकट्या गाडीसाठी तसे बदल व चाचण्या करून घेणे सर्वसाधारण मालकाला सहसा परवडत नाही.

जुन्या गाड्यांना मात्र सवलत मिळते. अमेरिकेत सुरक्षा मानकांतून सुटण्यासाठी गाडी किमान २५ वर्षांची असावी लागते, तर प्रदूषणाच्या नियमांतून सुटण्यासाठी २१ वर्षे पुरतात, अर्थात गाडी मूळ स्वरूपात असेल तर. कॅनडात सुरक्षेची ही मर्यादा १५ वर्षांची आहे. हे वय निर्मितीच्या तारखेपासून मोजतात, आणि पट्टीवरचा महिना इथे निर्णायक ठरतो.

सीमेला दोन बाजू असतात, याचा विसर फार जणांना पडतो. अमेरिकेतून वापरलेली गाडी रस्त्याने कॅनडात न्यायची असेल, तर मालकीचे कागद निर्यातीच्या किमान ७२ तास आधी अमेरिकी सीमाशुल्क खात्याकडे पोहोचावे लागतात. गाडीवर कर्ज असेल, तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे लेखी संमतिपत्रही लागते. कॅनडाच्या बाजूला निर्मात्याने जाहीर केलेली एखादी सुरक्षा दुरुस्ती बाकी नसल्याचा पुरावा मागितला जातो. हा पुरावा जुन्या देशात असतानाच मिळवणे शहाणपणाचे आहे, कारण मागाहून पत्रव्यवहार करण्यात विनाकारण वेळ जातो.

आता शुल्काकडे वळू. सरकार शुल्क कशावर आकारते, हे नीट समजून घ्यावे. युरोपीय संघात वाहतूक आणि विमा धरून मूल्य काढतात, त्यावर मोटारींसाठी साधारणपणे १० टक्के शुल्क आणि त्या बेरजेवर पुन्हा मूल्यवर्धित कर लागतो. समजा, गाडीचे मूल्य १०० आणि वाहतूक व विमा मिळून १०; तर ११० वर शुल्क ११, आणि १२१ वर फ्रान्सच्या २० टक्के दराने कर २४.२. म्हणजे १०० ची गाडी १४५.२ ला पडते. अमेरिकेत मूल्य काढताना आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा खर्च धरत नाहीत. बिलावर किंमत कमी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो साफ नाकारावा : अधिकाऱ्याला संशय आल्यास तो स्वतः मूल्य ठरवू शकतो, आणि खोटे विवरण हा गुन्हा आहे.

कायमचे स्थलांतर करणाऱ्यांनी सवलतीची तरतूद जरूर पाहावी. युरोपीय संघाबाहेर सलग १२ महिने राहिलेली व्यक्ती तिथे राहायला येत असेल आणि गाडी किमान ६ महिने तिच्या वापरात असेल, तर आयात शुल्क माफ होते. अट एवढीच की पुढचे १२ महिने ती गाडी विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि उसनीही द्यायची नाही. ही अट मला रास्त वाटते, कारण सवलत संसार हलवणाऱ्यांसाठी आहे, व्यापारासाठी नाही. केवळ प्रवासापुरती गाडी न्यायची असेल, तर आयातीच्या भानगडीत पडूच नये. अनेक देशांत मोटार संघटनांचे कार्ने हे हमीपत्र चालते, आणि मुदतीत गाडी परत बाहेर नेली की हिशेब मिटतो.

निघण्यापूर्वी गाडी खालून धुऊन घ्यावी. चाकांच्या कमानीत आणि तळाला चिकटलेल्या मातीतून किडी व बिया येतात म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत. डिकीत घरसामान भरून पाठवण्याचा मोहही टाळावा. आणि गाडी पोहोचली की जुन्या देशातली नोंदणी व विमा रद्द करून त्याची पोच घ्यावी. ती आणि शुल्क भरल्याची मूळ पावती गाडी विकेपर्यंत जपून ठेवावी, कारण पुढचा खरेदीदार नेमके हेच कागद मागतो.