मॅडमना आधी का नाही सांगितलं?

"तीन वर्षं मॅडमच्या हाताखाली काम केलंस आणि तुझा राजीनामा त्यांना सिस्टिमच्या मेलवरून कळला?" जुने सहकारी भेटले की गाडी फिरून इथेच येते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहितो.

मॅडम दुसऱ्या देशातल्या ऑफिसात. त्यांची सकाळ व्हायची तेव्हा माझं दुपारचं जेवण उरकलेलं असायचं. एका मजल्यावर असतो तर केबिनच्या दारावर टकटक करून "दोन मिनिटं आहेत का?" विचारलं असतं. लांबच्या माणसाकडे ती दोन मिनिटंसुद्धा कॅलेंडरमध्ये शोधावी लागतात. त्या आठवड्यात आमचं वन-ऑन-वन (फक्त आम्हा दोघांची ठरलेली मीटिंग) दोनदा पुढे गेलं, दोन्ही वेळा त्यांच्याकडून. नव्या ठिकाणी रुजू व्हायची तारीख ठरलेली, नोटीस पिरियड 60 दिवसांचा, आणि आमच्याकडे तो लेखी राजीनाम्याच्या तारखेपासून मोजायचे. म्हणून गुरुवारी पोर्टलवर फॉर्म भरून टाकला. म्हटलं, उद्या त्या ऑनलाइन आल्या की बोलू.

सबमिट केल्याक्षणी पोर्टलवरून मॅनेजरला मेल जातो. हे मला माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. पण रजेचा अर्ज टाकला तरी तसाच मेल जायचा, आणि रजा तर मी कितीदा टाकली होती.

सात-आठ मिनिटांत त्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्या कुठल्याशा पॅसेजमध्ये उभ्या होत्या. गळ्यातलं आयडी कार्ड उलटं झालेलं, एकाच कानात इअरफोन. माझा कॅमेरा बंद होता.

"मी साहेबांना पुढच्या वर्षीची टीम दाखवत होते. स्क्रीन शेअर केलेली होती. त्यावरच तुझा मेल आला."

"मॅडम, मी उद्या सांगणारच होतो."

"कॅमेरा लाव."

लावला. त्या नुसत्या बघत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं चित्र अडकलं. "आवाज येतोय का?" मी विचारलं.

"येतोय," त्या म्हणाल्या. मग पुन्हा काही नाही.

मीटिंग मी पुढे ढकलली नव्हती, हे आजही म्हणेन. पण दोन्ही वेळा "काही हरकत नाही" असं लगेच लिहिलं ते मीच, आणि लिहिताना हायसं वाटलं होतं हेही खरं. "महत्त्वाचं आहे, आजच पंधरा मिनिटं हवीत," एवढं चॅटवर टाकलं असतं तर त्यांनी वेळ काढला असता. त्या तशा होत्या.

आता कुणी विचारलं तर सांगतो: आधी बोला, फोनवर का होईना. बोलणं संपलं की त्याच दिवशी मेल करा. त्यात शेवटच्या दिवसाची तारीख लिहा, एचआरला सीसीत ठेवा. पोर्टल सगळ्यात शेवटी.

पण त्या दिवशी फोन लागलाच नसता तर? तारीख हातची जाऊ द्यायची होती का? त्या गुरुवारचा मी अजून हेच विचारतो, आणि त्याला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नाही. 60 दिवसांत हँडओव्हरचे सगळे कॉल मॅडमनी वेळेवर घेतले, एकही पुढे ढकलला नाही. फक्त कॅमेरा त्यांनी पुन्हा लावला नाही. मीही "लावा" म्हटलं नाही.