तांब्याची गोळी आणि दस्त्यावरचा आकडा

माझ्या रायफलच्या दस्त्यावर एक पांढरी पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर पेनाने लिहिलेला एकच आकडा आहे, ३००.

गेल्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे काउंटीतल्या एका डोंगरउतारावर मी पोटावर आडवी पडले होते. रायफल बॅगेवर टेकवलेली, वारा पडलेला, उजाडून अर्धा तास झालेला. समोरच्या उतारावर ओकच्या झाडाखाली एक नर हरीण चरत होतं. शिंगाला फाटा होता, म्हणजे नियमात बसणारं. अंतरमापकात बघितलं तर ३७० यार्ड. मी सेफ्टी काढली नाही. पंधरा मिनिटं त्याच्याकडे नुसती बघत राहिले आणि मग ते कड्यापलीकडे निघून गेलं. त्या न झाडलेल्या गोळीचं कारण सांगायचं तर कॅलिबर, म्हणजे नळीचं आणि काडतुसाचं माप, निवडण्यापासून सुरुवात करावी लागेल.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, त्यामुळे हे वाचून काहींच्या कपाळावर आठ्या येतील, हे मला माहीत आहे. कॅलिफोर्नियात शिकारीचा परवाना मिळण्याआधी अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यावी लागते. हरणासाठी वेगळा टॅग, म्हणजे त्या जनावरापुरती परवानगीची चिठ्ठी, घ्यावी लागते, हंगाम आणि क्षेत्र ठरलेलं असतं. मी जे मारते ते आम्ही घरी खातो. आणि जनावर शक्य तितक्या लवकर, कमीत कमी यातनेत मरावं, ही जबाबदारी पूर्णपणे माझी असते. या लेखातलं बाकी सगळं त्या जबाबदारीतून आलेलं आहे.

इथे १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्यप्राण्याची बंदुकीने शिकार करताना शिसं असलेली गोळी वापरता येत नाही. कायदा २०१३ मध्ये झाला आणि टप्प्याटप्प्याने लागू झाला. कॉन्डोर पक्ष्यांच्या पट्ट्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी ही बंदी २००८ पासूनच होती.

कॉन्डोर म्हणजे इथलं गिधाड. पंख पसरले की साडेनऊ फूट. १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा कॉन्डोरही पकडून आणला आणि बंदिवासात त्यांची पैदास केली. १९९२ पासून त्यांना पुन्हा रानात सोडायला लागले. मोकळ्या कॉन्डोरांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण आजही शिशाची विषबाधा हेच आहे. शिशाची गोळी जनावराच्या अंगात शिरली की फुटते. तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात विखुरतात. एक्स-रे काढला तर ते चांदण्यांसारखे दिसतात, डोळ्यांना किंवा सुरीला मात्र सापडत नाहीत. शिकारी जनावर जागेवरच साफ करतो, आतडी डोंगरात सोडतो, आणि कॉन्डोर ती खातो.

गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे भारतातली गिधाडं कशी संपली, हे आपल्या पिढीने पाहिलं आहे. पांढऱ्या पाठीचं गिधाड पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटलं आणि मग २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. मेलेल्या जनावरातून विष आणि विषातून गिधाड, ही साखळी दोन्हीकडे तीच. त्यामुळे तांब्याची गोळी वापरायची, हे मला कायद्याने पटवून द्यावं लागलं नाही.

मग प्रश्न आला रायफल कुठली. माझे शेजारी निवृत्त सुतार आहेत, पन्नास वर्षं शिकार करतात. त्यांच्याकडे वडिलांची .३०-०६ आहे (हे काडतुसाचं नाव, रायफलही त्याच नावाने ओळखतात). मी त्यांना विचारलं, कुठलं कॅलिबर घेऊ? ते म्हणाले, "कॅलिबर नंतर. आधी गोळी ठरव, मग ती गोळी चालेल अशी बंदूक घे." तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं.

तांब्याची घनता ८.९६ आणि शिशाची ११.३४. सगळं इथून सुरू होतं. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी तेवढ्याच जाडीच्या नळीतून जायची असेल तर ती लांब होणार, दुसरा मार्गच नाही. लांब गोळी हवेत स्थिर राहायला तिला जास्त वेगाने फिरकी द्यावी लागते. ती फिरकी देतो नळीच्या आतला पीळ. दहा इंचात एक फेरा, आठ इंचात एक फेरा, असा तो मोजतात. पीळ नळी बनवतानाच पडलेला असतो, नंतर बदलता येत नाही. पीळ कमी पडला तर गोळी डगमगते आणि वाईट परिस्थितीत कागदावर आडवी लागते. शिवाय काडतुसाची एकूण लांबी मॅगझिनमुळे ठरलेली असते. लांब गोळी मग पितळी कवचात खोल बसते आणि दारूची जागा खाते.

म्हणून तांब्यात वजन एक पायरी उतरवायचं. शेजारी .३०-०६ मध्ये शिशाची १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी वापरायचे, तांब्यात ते १६५ वर आले. हलकी गोळी कमकुवत ठरेल, अशी त्यांना सुरुवातीला धास्ती होती. पण शिशाची गोळी फुटताना स्वतःचं बरंच वजन गमावते, तांब्याची जवळजवळ सगळं टिकवते. आरपार जाण्यात ती कधीच मागे पडत नाही. उलट आरपार जातेच, हे गृहीत धरून जनावराच्या मागे काय आहे, दुसरं जनावर उभं आहे का, हे अधिक काटेकोरपणे बघावं लागतं.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. तांब्याच्या गोळीच्या टोकात पोकळी असते. अंगात शिरल्यावर त्या पोकळीत दाब येतो आणि टोक चार पाकळ्यांसारखं उमलून मागे वळतं. या पाकळ्यांमुळेच जखम रुंद होते आणि जनावर लवकर पडतं. पण तांबं शिशापेक्षा कडक. उमलायला त्याला वेग लागतो. बहुतेक गोळ्यांसाठी हा किमान वेग सेकंदाला १,८०० ते २,००० फुटांच्या दरम्यान असतो. त्याखाली गोळी न उमलता पेन्सिलीसारखी आरपार जाते. जनावर मरतं, पण तासांनी, कुठल्यातरी झुडपात, आणि सापडत नाही. म्हणजे निवडताना विचारायचं ते हे: मी मारणार त्या अंतरावर गोळीचा किती वेग उरलेला असेल?

या प्रश्नाने यादी भराभर लहान झाली. .२४३ चा खांद्याला बसणारा धक्का अगदी मऊ आणि ८० ग्रेनची गोळी विजेसारखी जाते. हरणासाठी ती पुरेशी आहे, पण मला रानडुकरंही मारायची होती आणि त्यांच्या खांद्यासाठी थोडं जास्त वजन हवं होतं. त्यात तिच्या बऱ्याच रायफलींचा पीळ दहा इंचांचा, म्हणजे याहून फार लांब गोळीची सोय नाही. वेगाच्या कसोटीवर .२७० विंचेस्टर सगळ्यांत सरस ठरली. १९२५ चं हे काडतूस १३० ग्रेनची तांब्याची गोळी सेकंदाला तीन हजार फुटांच्या पुढे फेकतं. मोकळ्या मैदानी मुलखात राहत असते तर मी डोळे मिटून हीच घेतली असती. ६.५ क्रीडमोर २००७ चं, आठ इंचांच्या पिळाचं, लांब गोळ्यांसाठीच घडवलेलं. त्याच्याशी माझं जवळजवळ जमलंच होतं.

घेतली .३०८ विंचेस्टर, वीस इंची नळीची, १५० ग्रेनच्या गोळीसाठी. आमचे डोंगर ओक आणि काटेरी झुडपांनी भरलेले आहेत. तिथे लांब नळी सारखी अडकते आणि बहुतेक वेळा जनावर दोनशे यार्डांच्या आतच दिसतं. १५० ग्रेनची तांब्याची गोळी या काडतुसाच्या नेहमीच्या पिळात निर्धास्त चालते. धक्का सोसवतो, त्यामुळे सराव भरपूर होतो. आणि तांब्याची तयार काडतुसं या कॅलिबरमध्ये अनेक प्रकारची मिळतात. हे शेवटचं कारण कमी लेखू नका, कारण प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते. मी चार प्रकारची काडतुसं झाडून बघितली. एकाने शंभर यार्डांवर तळहाताएवढा पसारा मांडला, एकाने तीन गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ ठेवल्या. वजन तेच, रायफल तीच. काडतुसं बदलताना नळीतलं आधीचं तांबं नीट साफ करायला हवं, ते मी पहिल्या दिवशी केलं नव्हतं आणि अख्खी सकाळ चुकीच्या निष्कर्षांवर घालवली.

काडतुसांच्या डब्यावर वेग लिहिला होता सेकंदाला २,८२० फूट. हा आकडा चोवीस इंची नळीतून मोजलेला असतो. माझ्या वीस इंची नळीतून क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, २,७०० च्या आसपास भरला. तिथून हिशेब केला तर दोनशे यार्डांवर साधारण २,३००, तीनशेवर २,१००, चारशेवर १,९००. म्हणजे तीनशेपर्यंत पाकळ्या उमलतील याची मला खात्री आहे, चारशेला नाही. अधल्यामधल्या अंतरांवर मला जनावराच्या जिवावर प्रयोग करायचा नाही. पट्टी त्याच संध्याकाळी चिकटवली.

या रायफलने पहिलं जनावर मिळालं ते रानडुक्कर, ११० यार्डांवर. शिशाच्या गोळीची सवय असलेले लोक खांद्याच्या मागच्या बाजूला, फुप्फुसावर नेम धरतात. मीही तसाच धरला. गोळी फुप्फुसातून आरपार गेली, तरी डुक्कर ऐंशी पावलं झुडपात धावलं आणि रक्ताचा माग सुरुवातीला जवळजवळ नव्हता. ते सापडेपर्यंतची वीस मिनिटं मला अजून आठवतात. शेजाऱ्यांनी जखम दाखवून सांगितलं, "तांब्याला हाड दे. खांद्यावर मार." पुढचं डुक्कर मी तसं मारलं आणि ते उभ्या जागी कोसळलं. खांद्याजवळचं मांसही वाया गेलं नाही, कारण त्यात शिशाचे कणच नव्हते.

त्या ऑगस्टच्या सकाळी हरीण निघून गेल्यावर मी उठून बसले, पाण्याची बाटली काढली. समुद्रकिनाऱ्यावरच्या बिग सरच्या बाजूने एक कॉन्डोर वर आला. पंखाखाली पांढरा पट्टा, पंखावर क्रमांकाचा बिल्ला लावलेला. तो एकदाही पंख न हलवता माझ्या डोक्यावरून कड्यापलीकडे, हरीण गेलं त्याच दिशेला गेला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच उताराच्या खालच्या अंगाला, १६० यार्डांवर, मला दुसरा नर मिळाला. खांद्यावर एकच गोळी. आतडी तिथेच ओकच्या मुळाशी ठेवून मी मांस पाठीवर घेतलं आणि गाडीकडे निघाले.