यार्ड 3 ची प्रगती : ब्लॉक जुळले, वजन जुळवतोय, नाव ठरलं

मंडळी, मागच्या नोंदीला साडेचार महिने होऊन गेले. मधल्या काळात यार्ड 3 च्या, म्हणजे माझ्या तिसऱ्या जहाज-मॉडेलच्या, कवचाचे (जहाजाच्या धडाचे) चारही ब्लॉक जुळले, फटींत लांबी (पुट्टी) भरून झाली आणि गेल्या रविवारी टबात चार तास ठेवूनही आत पाण्याचा थेंब आला नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. मी जालन्यात घरी विशाखापट्टणम वर्गातली, म्हणजे भारतीय नौदलाच्या प्रकल्प 15 ब मधली विनाशिका (डिस्ट्रॉयर युद्धनौका) 1:200 मापात करतोय. किट नाही. आतल्या फ्रेम 3 मिमी प्लायच्या, वरचं आवरण पातळ पीव्हीसी शीटचं, डेकवरची बांधणी सनबोर्डची (फोमच्या पुठ्ठ्याची). खरं जहाज 163 मीटर लांब आणि 17.4 मीटर रुंद आहे, त्यामुळे माझं 81.5 सेंमी लांब आणि 8.7 सेंमी रुंद.

पहिलं कवच मी एकसंध केलं होतं. मे महिन्यात ते गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहिलं आणि उन्हानं पीळ बसला. नाळ (पुढचं टोक) आणि मागचं टोक यांच्यात चार मिमीचा फरक पडला. वजन ठेवून बघितलं, गरम पाणी घालून बघितलं, पण पीळ काही निघाला नाही. मग ही जहाजं बांधणाऱ्या मुंबईच्या माझगाव डॉकची रीत धरली. तिथं जहाज ब्लॉकमध्ये बांधतात आणि प्रत्येक ब्लॉकमधलं बरंचसं पाइपचं, केबलचं काम जोडणीच्या आधीच होतं. याच वर्गातल्या शेवटच्या सुरतचं कवच तर दोन वेगळ्या ठिकाणी बांधून मुंबईत जोडलं. मी वीस-वीस सेंमीचे चार तुकडे केले. इतक्या लहान तुकड्याला पीळ बसत नाही, बसला तर तेवढाच बदलता येतो. जोडताना मात्र घाई नको. मी काचेच्या शीटवर मधोमध दोरा ताणून, रोज एकच सांधा जोडला.

डेकवरची बांधणी करताना एक गोष्ट हाताला कळली. या जहाजाच्या भिंती कुठंच सरळ उभ्या नाहीत, सगळ्या आत कललेल्या आहेत. शत्रूच्या रडारचे तरंग भिंतीवर आदळून त्याच्याकडंच परत जाऊ नयेत, दुसरीकडं फेकले जावेत म्हणून हा कल ठेवलेला असतो. त्यामुळे प्रत्येक सनबोर्डची कड तिरपी कापावी लागते. मी लाकडाच्या पट्टीचा एक साचा करून ब्लेड त्यावरूनच फिरवतो. डोळ्याच्या अंदाजानं कापलेले पहिले दोन हँगर (हेलिकॉप्टरच्या खोल्या) कोपऱ्यात फाकले होते. चार एके-630 तोफांच्या नळ्यांना इंजेक्शनच्या सुया वापरल्या. नाळेकडच्या 76 मिमी तोफेलाही सुईच, फक्त जाड.

आता वजन. हा भाग मला सगळ्यात आवडला. जहाजाचं विस्थापन, म्हणजे ते बाजूला सारतं त्या पाण्याचं (आणि तेवढंच जहाजाचं) वजन, 7,400 टन. लांबी 200 पट कमी, म्हणजे घनफळ 80 लाख पट कमी. भागाकार केला की 925 ग्रॅम येतात. पण तेवढं वजन भरलं तर माझं मॉडेल जलरेषेपेक्षा किंचित खाली बसेल, कारण समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं आणि मी सोडणार आहे शेततळ्यात. 925 ला 1.025 नं भागलं की 902 ग्रॅम. सध्या काट्यावर 640 भरतात. म्हणजे 262 ग्रॅम शिसं घालायचंय, तेही अगदी तळाशी कण्याच्या रेषेत. शिसं न घालता डोलकाठी (रडारचा मनोरा) बसवून बघितली तेव्हा जहाज लगेच डावीकडं कललं. रडारचे चार चेहरे असलेला तो मनोरा मापात केला तरी वर बराच जड होतो. तो आता आतून पोकळ करतोय.

नावाचं मागच्या वेळी तुम्ही बऱ्याच जणांनी विचारलं होतं. या वर्गातली चारही जहाजं बाहेरून जवळजवळ सारखी असल्यामुळे मला शेवटपर्यंत मोकळीक होती : विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ, सुरत. देशाच्या चार दिशांची चार शहरं. आपल्याकडं विनाशिकेला शहराचं नाव देतात. नद्यांची नावं फ्रिगेटना (विनाशिकेपेक्षा लहान युद्धनौकांना) मिळाली आहेत, म्हणून आपली गोदावरी फ्रिगेट होती, 10 डिसेंबर 1983 ला दाखल झालेली आणि 23 डिसेंबर 2015 ला निवृत्त झालेली. माझं यार्ड 2 तीच होती. मराठवाड्यातल्या माणसानं गोदावरीशिवाय पुढं कसं जायचं?

या वेळी तारखा चाळताना मी एका तारखेवर थांबलो. मोरमुगावचं जलावतरण, म्हणजे कवच पहिल्यांदा पाण्यात सोडणं, 17 सप्टेंबर 2016 ला झालं. 17 सप्टेंबर, आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन! शाळेत असताना दर वर्षी त्या दिवशी पहाटे आजोबा मला झेंडावंदनाला सोडायला यायचे. आणि हे जहाज समुद्रात पहिल्यांदा गेलं 19 डिसेंबर 2021 ला, गोवा मुक्तिदिनी. 18 डिसेंबर 2022 ला ते ताफ्यात दाखल झालं. दोन मुक्तिदिन एका जहाजाच्या वाट्याला आलेत. त्यानंतर मला दुसरं नाव सुचलंच नाही.

जहाजाला नाव टप्प्याटप्प्यानं मिळतं. बांधणीत मोरमुगावला फक्त गोदीचा क्रमांक होता, यार्ड 12705. जलावतरणाला नारळ फुटतो, अथर्ववेदातले मंत्र म्हटले जातात आणि रूढीप्रमाणे एक स्त्री जहाजाला नाव देते. मोरमुगावला ते तेव्हाच्या नौदलप्रमुखांच्या पत्नी रीना लांबा यांनी दिलं. ‘आयएनएस’ (भारतीय नौदलाचं जहाज) मात्र ताफ्यात दाखल झाल्यावरच लागतं. मधली सहा वर्षं जहाज आयएनएस नसतं. मीही तसंच करणार आहे.

अंबडकडं मामाच्या शेततळ्यात यंदा चांगलं पाणी आलंय. मामा म्हणाला, “एवढं जहाज केलं अन् आपल्याकडं समुद्र कुठंय? आण, माझ्या तळ्यात सोड.” 17 सप्टेंबरला सकाळी आईच्या हातून नारळ आणि नाव. त्याआधी शिसं बसवणं, मनोरा हलका करणं आणि राखाडी रंगाचे दोन हात राहिलेत. कुणी पीव्हीसीवर ऑटो प्रायमर मारला असेल तर किती तास वाळू द्यायचा ते कळवा, माझा मागच्या वेळी सोलला होता. बाजूवरचा डी 67 हा मोरमुगावचा क्रमांक मी ते तरंगल्यानंतरच रंगवणार. खोक्यावर अजून पेन्सिलीनं यार्ड 3 लिहिलेलं आहे.