दिसलं तरी बघायचं नाही

"अगं, ठिपका दिसला तरी बघायचं नाही, हे कसं जमायचं?"

आई तपासणीच्या पडद्यासमोर हनुवटी टेकवून बसली होती. ठिपका डावीकडे उमटला की तिनं उजवीकडे बघायचं, उजवीकडे उमटला की डावीकडे. अँटिसॅकेड म्हणतात या चाचणीला, १९७८ मध्ये हॅलेट या संशोधकांनी मांडलेली. नजर आपसूक ठिपक्याकडे धावते, तिला मेंदूचा पुढचा भाग आवरतो. तो लगाम किती घट्ट आहे, ते कळतं. कॅमेरा सेकंदाला १००० वेळा बुबुळाची जागा टिपत होता.

आई चुकत होती. परत परत. दर चुकीला पदराचं टोक बोटाभोवती आणखी एक वेढा घ्यायचं. मला मागच्या खुर्चीत बसवेना.

तपासणाऱ्या मुलीनं मला हळूच जवळ बोलावलं. "मावशी चुकतात, पण लगेच नजर वळवतात. त्यांच्या नजरेची ही रेघ बघा." रेघ आधी खाली गेली आणि क्षणात उलटी वर चढली. चूक धडधाकट तरुणांचीही होते, साधारण पाचात एकदा. अल्झायमरमध्ये न सावरलेल्या चुका वाढत जातात. म्हणून हे सावरणंही मोजतात.

घरी येईपर्यंत ती रेघच डोळ्यांसमोर होती.

वर्षभर मी आईच्या चुका मोजतेय. आमटीत मीठ नाही, तोच प्रश्न दोनदा, गॅस चालूच. पण मीठ विसरल्यावर पहिल्याच घासाला उठून तिनंच वाटी आणली होती. ते मी कधी मोजलं?